बिनतारी जाळी आणि शेजारधर्म

एके काळी या देशात घरी रेडिओ ठेवावयाचा म्हणजे टपाल कचेरीत जाऊन परवाना काढावा लागे. १९३३ साली झालेल्या बिनतारी संदेशवहनाच्या कायद्याने असे ठरविले होते की, बिनतारी यंत्र, मग ते नुसते ऐकावयाचे का असेना, परवान्यावाचून कोणी जवळ बाळगू नये. घरगुती रेडिओच्या परवान्याची ती रीत १९८० च्या दशकात बंद झाली. आज स्थिती अगदी पालटली आहे. ज्या देशात केवळ ऐकण्याच्या यंत्रालाही परवाना लागे, त्याच देशात आता घरोघरी बोलणारे यंत्र, म्हणजे लहरींवाटे माहिती धाडणारे लहानसे प्रक्षेपक यंत्र, भिंतीवर टांगलेले असते. आणि ते चालविण्यास घरमालकाला परवाना काढावा लागत नाही. केंद्र सरकारने २००५ च्या जानेवारीत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा लहरींचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, तेव्हापासून वाय-फायला सर्व घरांचे दरवाजे मोकळे झाले.

या उदारतेला सरकारने काही अटी मात्र जोडल्या. या पट्ट्यात यंत्र चालविणाऱ्याने दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू नये. दुसऱ्याच्या यंत्रामुळे आपल्याला अडथळा झाला तर त्यापासून संरक्षण मागू नये. आणि हा पट्टा सर्वांनी मिळून वापरावा. कायद्याच्या रुक्ष भाषेत सांगितलेला हा शेजारधर्मच होय. कार्यालयाच्या जाळ्याच्या आसपास अनधिकृत वाय-फाय यंत्रे आढळली तर काय करावे, हा प्रश्न आज लहानमोठ्या सर्वच संस्थांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना या अटींचा विसर पडता कामा नये.

एका वस्तीचे उदाहरण

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही वसाहत या प्रश्नाचा विचार करावयास सोयीची आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी ही वस्ती केंद्र सरकारच्या नोकरवर्गाच्या निवासासाठी वसविण्यात आली. शेजारी सरोजिनी नगर व किडवाई नगर, आणि अरविंद मार्गालगत आय.एन.ए.चा बाजार. याच परिसरात दिल्ली विकास प्राधिकरणाचे विकास सदन व केंद्रीय दक्षता आयोगाचे सतर्कता भवन अशी मोठी कार्यालयेही आहेत. घरे, दुकाने, शाळा आणि कचेऱ्या अशा दाटीने एकमेकांजवळ असल्या, म्हणजे त्यांच्या वाय-फायच्या लहरीही एकमेकींत मिसळतात. जमिनीवर प्रत्येकाची हद्द आखलेली असते. लहरींना कुंपण नसते.

समजा, अशा एखाद्या वस्तीच्या कडेला एक मध्यम आकाराचे कार्यालय आहे. तेथील संगणक-व्यवस्थापकाने एके दिवशी पाहणी केली, तेव्हा कार्यालयाच्या मालकीच्या यंत्रांखेरीज तीसचाळीस परकी यंत्रे त्याच्या पडद्यावर उमटली. काहींची नावे कुटुंबांची होती, काहींची दुकानांची, काहींची निरर्थक अक्षरांची. एकाचे नाव तर कार्यालयाच्या स्वतःच्या जाळ्याच्या नावाशी तंतोतंत जुळत होते. यांपैकी धोक्याची कोणती? आणि जी धोक्याची ठरतील, त्यांचा बंदोबस्त करण्याचा अधिकार त्या व्यवस्थापकास कोठवर आहे? सर्व विषय या दोन प्रश्नांत सामावलेला आहे.

यंत्राचे स्वरूप

वाय-फायच्या यंत्राला व्यवहारात राउटर म्हणतात. हे यंत्र एका अंगाने तारेला जोडलेले असते व दुसऱ्या अंगाने हवेत लहरी सोडते. तारेतून आलेली माहिती ते लहरींच्या स्वाधीन करते आणि लहरींतून आलेली माहिती तारेत उतरविते. घरगुती यंत्राची प्रक्षेपणशक्ती साधारणतः एक दशांश वॉटच्या आसपास असते. एवढ्या अल्प शक्तीवरही त्याच्या लहरी वीटबांधणीच्या एकदोन भिंती ओलांडून पलीकडच्या घरात अथवा रस्त्यावर पोहोचतात.

हे यंत्र मूकपणे बसून राहत नाही. दर सेकंदास सुमारे दहा वेळा ते आपले नाव व आपला क्रमांक यांची दवंडी पिटीत असते. मोबाइलच्या पडद्यावर जी नावांची यादी दिसते ती या दवंडीमुळेच. मात्र हे नाव यंत्राच्या मालकाने आपल्या मर्जीप्रमाणे ठेवलेले असते. त्याची नोंदणी कोठे होत नाही, ते खरे की खोटे हे कोणी तपासून पाहत नाही. ४८ अंशांचा जो क्रमांक यंत्रास कारखान्यात मिळतो, त्याचीही नक्कल करता येते. म्हणून हवेत ऐकू आलेल्या नावावरून यंत्राची ओळख पटली असे मानणे, म्हणजे दाराबाहेरून कोणी आवाज दिला एवढ्यावरून कडी काढण्यासारखे आहे.

परक्या यंत्रांचे चार प्रकार

कार्यालयाच्या आसपास दिसणाऱ्या परक्या यंत्रांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार शेजाऱ्याच्या यंत्राचा. ते शेजाऱ्याच्या घरात आहे, शेजाऱ्याच्या तारेला जोडलेले आहे, आणि कार्यालयाशी त्याचा संबंध एवढाच की त्याच्या लहरी भिंतीतून आत येतात. संख्येने हीच यंत्रे सर्वांत अधिक असतात. दुसरा प्रकार कर्मचाऱ्याच्या किंवा पाहुण्याच्या मोबाइलवर चालू केलेल्या हॉटस्पॉटचा. तो मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर चालतो. कार्यालयाच्या तारेला त्याचा स्पर्श नसतो.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने अनधिकृत यंत्राचा होय. कोणीतरी बाजारातून एक स्वस्त राउटर आणतो व तो कार्यालयाच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये परवानगीवाचून जोडून देतो. त्या क्षणी कार्यालयाचे जाळे रस्त्यापर्यंत पसरते. मुख्य प्रवेशद्वारी कितीही पहारे असोत, या यंत्राचा पासवर्ड ज्याला ठाऊक असेल किंवा ओळखता येईल, तो बाहेरच्या बाकावर बसून आतल्या संगणकांपर्यंत पोहोचू शकतो.

चौथा प्रकार तोतयाचा. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला होता, आणि अनेकांनी त्याला खरे भाऊसाहेब मानले होते. १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले, तोवर त्या नावाने पुष्कळ उत्पात केला. वाय-फायचा तोतयाही असाच कार्यालयाच्या जाळ्याचे नाव धारण करून बाहेर उभा राहतो. कर्मचाऱ्याचा मोबाइल किंवा लॅपटॉप ओळखीचे नाव पाहून त्याच्याशी बोलू लागतो, आणि पासवर्डासारखी गुपिते त्याच्या हाती देऊन बसतो.

या चार प्रकारांना एकाच मापाने मोजणे ही या विषयातील सर्वांत मोठी चूक होय. पहिला प्रकार निरुपद्रवी आहे, दुसरा शिस्तीचा प्रश्न आहे, तिसरा घरभेदाचा आहे, तर चौथा फसवणुकीचा. उपायही तसेच वेगवेगळे असले पाहिजेत.

भीती निराधार नाही

हा विषय केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचा नाही, हे महाराष्ट्राने २००८ साली अनुभवले आहे. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी सांगणारा ई-मेल वृत्तसंस्थांना स्फोटांपूर्वी काही मिनिटे पोहोचला. तपासाअंती तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका परदेशी गृहस्थाच्या घरच्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले. त्या गृहस्थाचा त्या कृत्याशी संबंध नव्हता. त्याचे जाळे तेवढे बाहेरच्यांना वापरता आले होते. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हा चेंबूरच्या एका खाजगी कंपनीचे जाळे याच रीतीने वापरण्यात आले. दूरसंचार विभागाने २००९ च्या फेब्रुवारीत इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना देऊन, वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवूनच त्याला प्रवेश द्यावा असे बजावले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

परदेशातील एक उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. नेदरलँड्‌समधील हेग शहरी रासायनिक अस्त्रांवरील बंदीची देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मुख्यालय आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी त्या इमारतीला लागून असलेल्या हॉटेलच्या वाहनतळावर डच अधिकाऱ्यांनी एक मोटार अडविली. तिच्या मागच्या भागात वाय-फाय जाळ्यांत शिरण्याची साधने व अँटेना दडविलेली होती. ही मंडळी रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याची होती, असे डच सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. रशियाने आरोप नाकारला. तात्पर्य असे की, कार्यालयाच्या शेजारी उभे राहून त्याच्या जाळ्यात हात घालण्याचे प्रयत्न होतात, आणि ते सराईत लोक करतात.

हवेतील दांडगाई

अशी उदाहरणे वाचली म्हणजे सावध व्यवस्थापकाच्या मनात एक मोह उत्पन्न होतो. आसपास जे जे परके यंत्र दिसेल, ते ते बंद पाडावे! आणि बाजारात तशी साधनेही मिळतात. वाय-फायच्या मूळ रचनेत एक उणीव राहून गेली होती. यंत्र व मोबाइल यांच्यामधील संभाषण संपल्याचा जो निरोप दिला जातो, तो खरोखर यंत्रानेच दिला की आणखी कोणी, हे पडताळण्याची सोय तीत नव्हती. त्यामुळे तिसरा कोणीही खोटा निरोप पाठवून दोघांमधील संबंध तोडू शकतो. हाच निरोप पुनःपुन्हा पाठवीत राहिले, तर शेजाऱ्याचे वाय-फाय चालू असूनही निकामी होते.

हा मार्ग चोखाळणाऱ्यांस अमेरिकेत चांगला धडा मिळाला आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी मॅरियट कंपनीच्या व्यवस्थापनाखाली एक मोठे हॉटेल व संमेलनगृह आहे. तेथे येणाऱ्या लोकांनी स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट चालू केले की, हॉटेलची देखरेखयंत्रणा अशाच खोट्या निरोपांनी ते तोडीत असे. दुसरीकडे, हॉटेलचे स्वतःचे वाय-फाय वापरण्यास मोठे शुल्क आकारले जाई. तेथील संदेशवहन आयोगाने चौकशी केली, आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीला सहा लक्ष डॉलर दंड भरावा लागला. सुरक्षिततेचे कारण पुढे करण्यात आले, परंतु आपल्या इमारतीत आलेल्या लोकांच्या कायदेशीर लहरी तोडण्याचा हक्क त्यातून सिद्ध होऊ शकला नाही.

भारतातही याहून वेगळे नाही. संदेशवहन रोखणारी यंत्रे सरकारच्या अनुज्ञेवाचून वापरण्यास मनाई आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम असे सांगते की, मालकाच्या संमतीवाचून कोणाच्या संगणक-जाळ्यात व्यत्यय आणणे, अथवा अधिकारी व्यक्तीस त्यात प्रवेश नाकारला जाईल असे करणे, हे भरपाईस पात्र कृत्य आहे. शेजारच्या घराचे वाय-फाय तोडणारे कार्यालय या कलमाच्या कक्षेत सरळ येऊन पडते.

कायदा बाजूस ठेवला तरी न्यायाचा प्रश्न उरतोच. लक्ष्मीबाई नगरासारख्या वस्तीत भिंतीपलीकडे कोणी विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरीत असेल, कोणी वृद्ध गृहस्थ डॉक्टरांशी दूरचित्र-संभाषण करीत असेल. त्यांच्या जाळ्याचा अपराध एवढाच की ते कार्यालयाच्या पडद्यावर दिसले. आणि ज्याचे काम बंद पडते, त्याला ते का बंद पडले हेदेखील कळत नाही. तो आपल्या इंटरनेट कंपनीकडे तक्रार करतो, नवे यंत्र विकत आणतो आणि अखेर नशिबाला दोष देतो. ज्या अन्यायाचा कर्ता दिसत नाही, त्याची दादही मागता येत नाही. म्हणूनच हा मार्ग हाती असलेल्यांनी तो स्वतः होऊन वर्ज्य केला पाहिजे.

शिवाय हे शस्त्र आता बोथटही होत चालले आहे. निरोपांची सत्यता पडताळण्याची पद्धत २००९ साली प्रमाणित झाली, आणि २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ या सुरक्षा-पद्धतीत ती अनिवार्य करण्यात आली. नवी यंत्रे खोट्या निरोपाला भुलत नाहीत. तेव्हा हवेतील दांडगाईवर भिस्त ठेवणारे कार्यालय शेजाऱ्याला दुखविते, आणि स्वतःही सुरक्षित होत नाही.

तारेवर पहारा

मग खरा उपाय कोणता? हवा सर्वांची असली, तरी तार कार्यालयाची स्वतःची आहे. पहारा बसवावयाचा तो तारेवर.

परके यंत्र आपल्या तारेला जोडलेले आहे की नाही, हा कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या अभियंत्यांनी महत्त्वाची कामगिरी केली आहे. एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात याच विषयावर संशोधन चालविले. तिचे नाव पुढे मोजो नेटवर्क्स असे झाले व २०१८ साली ती अरिस्टा या कंपनीत विलीन झाली. या प्रकारच्या तपासणीमागील तत्त्व समजावयास अगदी सोपे आहे. कार्यालयाच्या तारेत खुणेचा एक संदेश सोडावयाचा आणि तो संशयित यंत्राच्या लहरींतून बाहेर पडतो की काय, ते कान देऊन ऐकावयाचे. खूण हवेत उमटली, तर यंत्र आपल्या तारेवर आहे. उमटली नाही, तर बहुधा ते शेजाऱ्याचे आहे. घरात पाणी कोठून झिरपते हे शोधण्यासाठी वरच्या टाकीत रंग टाकून पाहतात, त्यातलाच हा प्रकार. या एका कसोटीने तीसचाळीस यंत्रांची यादी एकदोनांवर येते, आणि बाकीच्यांना निर्धास्तपणे आपापल्या घरी राहू देता येते.

ज्यांच्यापाशी अशी यंत्रणा नाही, त्या लहान कार्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. प्रथम आपल्या मालकीच्या सर्व यंत्रांची यादी करावी. त्यांची नावे, क्रमांक व जागा लिहून ठेवाव्यात. नंतर एक लॅपटॉप किंवा मोबाइल घेऊन दर महिन्यास इमारतीतून फेरी मारावी. ज्या परक्या यंत्राची लहर एखाद्या खोलीत शिरताच एकाएकी प्रबळ होते, ते त्याच खोलीत असण्याचा संभव फार. ज्या मध्यवर्ती स्विचला सर्व तारा येऊन मिळतात, त्याच्या नोंदींत कोणत्या सॉकेटवर कोणत्या क्रमांकाचे यंत्र आहे, हे पाहता येते. यंत्र सापडले म्हणजे त्याची नोंद करावी, ते कोणी व केव्हा जोडले ते विचारावे, आणि मग सॉकेटमधून तार काढून घ्यावी. एवढ्याने काम भागते. हवेत एकही खोटा निरोप सोडावा लागत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे यंत्र जोडले जाण्यापूर्वीच दार बंद ठेवणे. ज्या सॉकेटचा उपयोग नाही, तो स्विचमधून बंद करून टाकावा. सॉकेटला काही जोडले गेले की प्रथम त्याची ओळख विचारावी आणि ती पटल्यावरच त्याला आत घ्यावे, अशी पद्धत २००१ सालीच प्रमाणित झालेली आहे. कार्यालयांत बसविण्याजोग्या बहुतेक स्विचांत तिची सोय असते; ती चालू करण्याचे कष्ट मात्र पुष्कळ ठिकाणी घेतलेले नसतात.

तोतयाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या तोतयाचे तोंड बंद करणे कार्यालयाच्या हाती नाही; आपल्या माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवू नये, एवढे हाती आहे. सर्वांना एकच पासवर्ड वाटून देण्याऐवजी, जाळ्याने प्रथम स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र दाखवावे व लॅपटॉपने ते तपासूनच पुढे बोलावे, अशी रचना करता येते. तशी केली म्हणजे नाव चोरून तोतयाच्या पदरी काही पडत नाही. फसवणुकीचा स्पष्ट हेतू दिसून आला तर पोलिसांकडे जावे. कार्यालयाने स्वतः हवेत लढाईस उतरू नये.

हिरकणीचा बुरूज

येथवर यंत्रांचा विचार झाला. परंतु अनधिकृत राउटर आपल्या पायांनी चालत येत नाही; तो कोणीतरी माणूस आणतो. तो का आणतो, हे विचारल्यावाचून हा प्रश्न सुटावयाचा नाही.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दूध घालावयास आलेल्या या गवळणीला संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झालेले आढळले. खाली गावात तिचे तान्हे मूल होते. ती रात्री सरळसोट कडा उतरून घरी गेली. हे कळल्यावर महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा गौरव केला. पण ती वाटही तशीच उघडी ठेवली नाही. त्या कड्यावर बुरूज बांधला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

या कथेतील शहाणपण संगणक-व्यवस्थापकांनी मनावर घ्यावे असे आहे. कार्यालयात राउटर जोडणारा माणूस बहुधा शत्रू नसतो. ज्या कोपऱ्यात कार्यालयाचे वाय-फाय पोहोचत नाही, तेथे त्याची खुर्ची असते. त्याने अर्ज दिलेला असतो, त्यावर शेरे पडलेले असतात, आणि काम तर आजच पुरे करावयाचे असते. तेव्हा तो पदरचे पैसे खर्चून एक यंत्र आणतो. तो कडा उतरतो खरा. परंतु तो कोठून उतरला हे कळल्यामुळेच गडाची दुबळी बाजू व्यवस्थापकाला दिसते. अशा माणसाला केवळ शिक्षा केली, तर पुढचा माणूस आपले यंत्र कपाटामागे अधिक काळजीपूर्वक दडवील. त्याचे यंत्र काढून घ्यावे, पण त्याच आठवड्यात त्या कोपऱ्यात कार्यालयाचे अधिकृत यंत्र बसवावे. पाहुण्यांसाठी आतल्या संगणकांपासून तोडलेले निराळे जाळे ठेवावे. अर्जाचे उत्तर ठरावीक दिवसांत देण्याचा नियम करावा. पुष्कळशी अनधिकृत यंत्रे अधिकृत व्यवस्थेच्या आळसातून जन्मास येतात. आळस गेला की त्यांची गरज उरत नाही.

दोन आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संरक्षण खात्यासारख्या ठिकाणी एवढे औदार्य परवडणारे नाही. हा आक्षेप खरा आहे; पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ज्या कार्यालयाच्या गुपितांना लहरींचा वाराही लागू द्यावयाचा नाही, त्याने ती कामे लहरींवर चालवूच नयेत. तेथे मोबाइल दारातच जमा करून घ्यावेत, तारेचीच व्यवस्था ठेवावी, आणि महत्त्वाचे संगणक बाहेरच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावेत. हेगच्या वाहनतळावरील मोटार हेच शिकविते. शेजारच्या घरांची वाय-फाय यंत्रे बंद पाडून ती मोटार थांबली नसती. ती ओळखणारी दक्ष माणसे व परक्याला दाद न देणारे स्वतःचे जाळे, हेच तिच्यावरचे उत्तर होय.

दुसरा आक्षेप मोबाइलच्या हॉटस्पॉटविषयी आहे. कर्मचाऱ्याने कार्यालयाचा लॅपटॉप स्वतःच्या हॉटस्पॉटला जोडला, तर तारेवरील सारे पहारे चुकवून माहिती बाहेर जाऊ शकते. हेही खरे आहे. परंतु त्याचाही इलाज हवेत नाही. लॅपटॉप कार्यालयाच्या मालकीचा आहे. ठरलेल्या जाळ्यांखेरीज इतरत्र जोडून घेऊ नये, अशी आज्ञा त्यालाच देता येते. मोबाइल मात्र कर्मचाऱ्याचा आहे, आणि तो त्याचाच राहू द्यावा. आपल्या वस्तूला शिस्त लावावी, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हा भेद येथेही पाळता येतो.

शाळा व ग्रंथालये

शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनी हा विषय केवळ मोठ्या कचेऱ्यांचा म्हणून सोडून देऊ नये. २००८ साली वापरल्या गेलेल्या जाळ्यांत एक घराचे होते, एक महाविद्यालयाचे होते. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील सॉकेट सर्वांच्या हाताशी असतो आणि शाळेच्या संगणक-कक्षातील पासवर्ड पुष्कळदा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. १९९७ साली आलेली डब्ल्यूईपी ही पहिली सुरक्षा-पद्धत २००१ सालीच भेदता येऊ लागली होती. एखाद्या जुन्या यंत्रात ती अद्याप चालू असेल, तर ते यंत्र आजच बदलावे. निदान डब्ल्यूपीए-२ आणि शक्य तेथे डब्ल्यूपीए-३ वापरावे. वर्षाच्या आरंभी पुस्तकांची मोजदाद होते, तशी एकदा जाळ्याच्या सॉकेटांचीही मोजदाद करावी. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना या कामात सोबत घेतले, तर भिंतीपलीकडून येणाऱ्या लहरी ऐकणे निराळे आणि त्यांत ढवळाढवळ करणे निराळे, हा फरकही त्यांना प्रत्यक्ष शिकता येईल.

हा फरक शिकणे तंत्र शिकण्याइतकेच अगत्याचे आहे. दुसऱ्याचा संबंध दुरून आणि अदृश्यपणे तोडण्याचे साधन आज थोड्या पैशांत कोणाच्याही हाती येऊ शकते. परवान्याची जागा आता विवेकाने भरून काढावयाची आहे. आपली तार निगुतीने राखणारे, आपल्या माणसांच्या गरजा वेळेवर भागविणारे आणि शेजाऱ्याच्या लहरींना सुखाने जाऊयेऊ देणारे कार्यालय अधिक सुरक्षित असते. आणि ज्या वस्तीत ते उभे आहे, त्या वस्तीलाही त्याचा जाच होत नाही.